पंचवीस लिटरचा तांब्याचा बंब

आंघोळीचे पाणी लाकडावर तापवणारी घरे गॅस आणि सौर बंब आल्यापासून कमी झाली आहेत. मात्र ज्यांच्या आगरात माड आहेत, त्यांच्यापुढे रोज पडणाऱ्या झावळ्या, पोयी, सोडणे (नारळाची काथ्याची साले) आणि करवंट्या यांचे करायचे काय हा प्रश्न कायम असतो, आणि त्यांवर पाणी तापवणे हे त्याचे सर्वांत सरळ उत्तर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी हे काम आजवर मागील दारच्या चुलवणावरचा हंडा करीत असे. हंड्याचे बूड पातळ झाले, त्याला पुन्हा ठिगळ लावण्यापेक्षा नवे काही घ्यावे असे ठरले, आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील एका भांड्यांच्या दुकानातून २५ लिटरचा तांब्याचा बंब घरी आला. पावसाळा आणि थंडी असे दोन्ही ऋतू त्याने आमच्याकडे काढल्यानंतर हे लिहीत आहे. जळण वाचवण्याच्या बाबतीत बंब हंड्याला फार मागे टाकतो; परंतु त्याच्या तोटीकडे आणि जाळीकडे लक्ष देण्याची, तसेच तो कधीही कोरडा तापणार नाही एवढी काळजी घेण्याची घरात कोणाची तयारी नसेल, तर चुलवणावरचा हंडाच बरा, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी बंब जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. बाहेरून तो तीन पायांवर उभा असलेला उंच पिंपासारखा दिसतो. त्याच्या मधोमध तळापासून वरपर्यंत एक नळी आरपार गेलेली असते. नळीच्या खालच्या तोंडाशी बिडाची जाळी आणि त्याखाली राख पडण्याची जागा असते; नळीचे वरचे तोंड झाकणातून बाहेर येते आणि तेच धुराडे होते. पाणी या नळीच्या भोवती भरलेले असते, म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटात पेटतो. काश्मीरमधील समोवार आणि रशियातील तुला शहराचे प्रसिद्ध समोवार याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच, की तेथे चहाचे पाणी तापते आणि येथे आंघोळीचे. आमच्या बंबाच्या नळीत विजेरीचा झोत टाकून पाहिले, तेव्हा उभा सांधा एकसलग आणि पिवळसर दिसला, म्हणजे तो पितळी झाळेचा, पितळ वितळवून जोडलेला, होता. तोटीच्या बुडाशी मात्र राखाडी रंगाची मऊ डाख, म्हणजे कथील-शिशाचा जोड, होती. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढे त्याचाच संबंध आला.

पेटवण्याची रीत सोपी आहे, तरी तिचा क्रम मोडून चालत नाही. आधी बंब गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा आणि मगच विस्तव घालायचा. जाळीवर सुकलेल्या झावळीची पाती आणि दोन-तीन काटक्या ठेवून खालून काडी लावली, की नळीतला शोष सुरू होतो, आणि त्यानंतर करवंट्या किंवा ढलप्या वरच्या तोंडातून एकेक करून सोडता येतात. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकण्याचा प्रकार येथे जवळजवळ संपतो, कारण उभी नळी हवा आपोआप खालून ओढून घेते. फक्त नळी गच्च भरण्याचा मोह टाळावा लागतो. ती भरली की शोष तुटतो, धूर खालच्या तोंडातून उलटा येतो आणि करवंट्या जळण्याऐवजी धुमसत राहतात. पूर्वी वखारीत बंबफोड म्हणून बारीक फोडलेले लाकूड वेगळे विकत मिळत असे, त्याचे कारण हेच होते. मोठे ओंडके चुलवणाला चालतात. बंबाला वीतभर लांबीचे आणि मनगटाहून बारीक जळण लागते, आणि ते फोडून ठेवण्याचे काम कोणाच्या तरी वाट्याला येते. दुकानदार हे काम मोजत नाही, घरातल्यांनी ते मोजावे.

जळण किती वाचते हे नुसत्या अंदाजाने सांगण्यापेक्षा साध्या गणिताने पाहता येते. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेण्यास सुमारे ४.२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत १.१६ युनिट, एवढी उष्णता पाण्यात उतरली पाहिजे. नीट वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यातील जेमतेम १० ते १५ टक्के भांड्यात पोहोचते, बाकीची ज्वाळेबरोबर भांड्याच्या बाजूने निघून जाते. म्हणून हंड्यातील एवढ्या पाण्याला दोन-तीन किलो लाकूड सहज लागते. बंबात विस्तवाच्या चारही बाजूंना पाणीच असल्यामुळे यातील एक तृतीयांश उष्णता जरी पाण्यात उतरली, तरी किलोभराच्या आत काम होते. आमच्याकडे सरपणाची रास ज्या गतीने कमी होत असे आणि आता होते, त्यावरून हे प्रमाण मला पटण्यासारखे वाटते. तापलेल्या २५ लिटर पाण्यात विसण, म्हणजे थंड पाणी, घातल्यावर ४० अंशांचे सुमारे ६५ लिटर पाणी होते, म्हणजे तीन माणसांच्या बादलीभर आंघोळी निश्चिंतपणे होतात आणि चौथ्याला थोडी काटकसर करावी लागते. पाच-सहा माणसांच्या घराने ४० लिटरचा बंब पाहावा, अथवा मधे एकदा पाणी भरण्याची सवय ठेवावी.

तांबे की स्टील, हा प्रश्न दुकानात हमखास निघतो, आणि त्याचे जे उत्तर तेथे मिळते ते अर्धेच खरे असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन आणि स्टेनलेस स्टीलची १५ च्या आसपास आहे, त्यामुळे तांब्याच्या बंबात पाणी कितीतरी पट लवकर तापते असे विक्रेते ठासून सांगतात. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र बरोबर नाही. बंबाच्या नळीचा पत्रा इतका पातळ असतो, की उष्णतेला खरा अडथळा पत्र्याचा नसून तापलेला वायू आणि पत्रा यांच्यामधील हवेच्या थराचा आणि नळीच्या आत साचणाऱ्या काजळीचा असतो. नळी खरवडून स्वच्छ केलेल्या स्टीलच्या बंबात पाणी काजळी धरलेल्या तांब्याच्या बंबापेक्षा लवकर तापले, तर आश्चर्य वाटू नये. तांब्याची बाजू दुसऱ्या कारणांनी भक्कम होते. ते गंजत नाही, चेपले तर ठोकून सरळ होते, भोक पडले तर गावातला कारागीर ते बुजवू शकतो आणि मोडीत काढले तरी वजनावर चांगले पैसे परत मिळतात. पातळ स्टीलच्या नळीला एकदा चीर गेली, की तिला टाके घालणारा माणूस शोधत फिरावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा बंब सर्वांत स्वस्त असतो, पण विस्तवाच्या जागी जस्त टिकत नाही आणि नळी आतून गंजू लागते. कोकणातल्या दमट हवेत तर त्याचा विचारही करू नये.

आता तक्रारी. पहिली तोटीची. नव्या बंबाची तोटी पहिल्या दिवसापासून थेंब थेंब गळत होती, आणि ते पाणी न्हाणीच्या फरशीवर जेथे पडत असे तेथे थोड्याच काळात मोरचुदासारखा निळसर-हिरवा डाग उठला. जांभ्या दगडाच्या भागातले आमच्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी आहे. असे पाणी तांबे थोडेथोडे विरघळवते, आणि गळक्या तोटीने त्याचा पुरावा फरशीवर मांडला. दुकानदाराने सुरुवातीला ‘नव्या भांड्याला थोडे गळणारच’ असे सांगून बोळवण केली. बिल दाखवून आग्रह धरल्यावर त्याने तोटी बदलून दिली, पण डाख पुन्हा मऊच लावली. अखेर आम्ही स्वखर्चाने दुसऱ्या कारागिराकडून ती जागा झाळून घेतली, तेव्हा गळती थांबली. दुसरी तक्रार जाळीची आहे. बंबाबरोबर आलेली बिडाची जाळी इतकी पातळ होती, की करवंट्यांच्या धगीने तिच्या दोन पट्ट्या मधोमध वाकल्या आणि निखारे राखेच्या जागेत पडू लागले. करवंटीची आच तेलकट आणि प्रखर असते, तिला जाड जाळीच हवी. ती वेगळी विकत मिळते, मात्र घेताना नळीचे माप बरोबर न्यावे.

तोटीच्या बाबतीत एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी, ती म्हणजे तिची उंची. आमच्या बंबाची तोटी तळापासून चार बोटे वर आहे. पहिल्यांदा मला तो दोष वाटला, कारण तळाचे तेवढे पाणी कधी निघतच नाही; प्रत्यक्षात तोच बंबाचा सर्वांत मोठा गुण आहे. सगळे पाणी काढून घेतले आणि खाली निखारे शिल्लक असले, तरी नळीचा सर्वांत तापणारा खालचा भाग पाण्यात बुडालेला राहतो. कथील आणि शिशाची साधी डाख १८३ अंशांच्या सुमारास वितळू लागते, आणि पाणी नसलेल्या नळीला एवढे तापायला फारसा वेळ लागत नाही. पितळी झाळ ८०० अंशांच्याही वर टिकते, म्हणून नळीचा सांधा झाळलेला असणे आणि तोटी तळाला टेकलेली नसणे या दोन गोष्टी मी चकाकीपेक्षा अधिक महत्त्वाच्या मानतो. हिमाचल प्रदेशात वापरल्या जाणाऱ्या हमामाची योजना याहून चतुर आहे. तेथे एका बाजूच्या नाळक्यातून थंड पाणी ओतले, की तेवढेच गरम पाणी दुसऱ्या बाजूच्या चोचीतून बाहेर येते, त्यामुळे भांडे रिकामे होण्याचा संभवच राहत नाही. आपल्याकडील बंबांत ही सोय कोणी का करीत नाही, हे कळत नाही. तोटी तळाजवळ असण्याचा एक तोटा मात्र आहे, तो असा, की गरम पाणी वर चढते आणि थंड खाली राहते. म्हणून पहिले तांब्याभर पाणी कोमट येते आणि नवखा माणूस बंब तापलाच नाही असे समजतो. ते पाणी परत वरून ओतावे, पुढचे कढत येते.

या बंबातले पाणी चहाला किंवा पिण्याला घेऊ नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण ‘तांब्यातले पाणी आरोग्याला चांगले’ या समजुतीने ते पिणारी मंडळी मी पाहिली आहेत. गरम पाण्यात धातू अधिक विरघळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम अशी आहे. पाणी आम्लधर्मी असेल आणि रात्रभर भांड्यात राहिले असेल, तर घरबसल्या त्याची खात्री देता येत नाही. शिवाय डाखेत शिसे असण्याची शक्यता वेगळीच. चहाच्या आणि आधणाच्या पाण्याची सोय आमच्याकडे पूर्वीपासून स्वयंपाकाच्या चुलीच्या वैलावर, म्हणजे मागच्या तोंडावर, आहे. पुढच्या तोंडावर भाकरी किंवा भात चालू असतो, आणि मागे वैलावर जाड बुडाची तपेली झाकण घालून ठेवलेली असते. वैलावर ज्वाळा थेट पोहोचत नाही, उरलेली धग तेवढी मिळते. त्यामुळे पाणी सावकाश तापते, पण त्यासाठी वेगळी काडीही जाळावी लागत नाही. चपट्या बुडाची किटली तेथे नीट बसत नाही, तिचा दांडा ज्वाळेच्या बाजूला आला तर हाताला चटका बसतो आणि तोटीतून वाफ निघून जाते. चुलीसाठी किटली घेण्याचा विचार असणाऱ्यांना मी गोल बुडाची तपेली आणि तिच्यावर घट्ट बसणारी ताटली एवढेच सुचवीन. भांडे चढवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या राखेचा पातळ हात दिला, की काजळी राखेवर बसते आणि घासताना दोन्ही एकदमच निघून येतात. बंबाला ही कटकट नाही, कारण त्याची काजळी सगळी नळीच्या आत असते आणि बाहेरचे तांबे स्वच्छ राहते.

नळीची साफसफाई मात्र टाळता येत नाही. वाळलेल्या जळणाची काजळी कोरडी असते आणि काठीला काथ्या बांधून वरून खाली फिरवला की झडते. ओल्या लाकडाचे तसे नाही. पावसाळ्यात भिजलेले जळण घातले, की त्यातील बरीच आच आधी लाकडातलेच पाणी आटवण्यात जाते आणि नळीच्या आत काळा, चिकट, डांबरासारखा थर बसतो, जो खरवडूनच काढावा लागतो. म्हणून ज्यांच्याकडे मेच्या अखेरीस जळणाची बेगमी करून ती माळ्यावर किंवा खोपीत कोरडी ठेवण्याची सोय नाही, त्यांना जून ते सप्टेंबर बंबाचा त्रासच अधिक होईल. सोडणे संथ जळतात आणि पाणी गरम राखण्यास उत्तम, करवंट्या पाणी झटपट तापवण्यास, आंब्याच्या ढलप्या दोहोंच्या मधल्या. देशावरच्या घरांत तुराट्या आणि चिपाडे चालतील, पण ती भराभर जळून जातात आणि माणसाला बंबाजवळून हलता येत नाही. काजूच्या बियांची टरफले मात्र चुकूनही घालू नयेत. त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला अतिशय झोंबतो.

बंब कोठे ठेवायचा, याबाबत तडजोड करता येत नाही. तो उघड्या पडवीत, मागील दारी किंवा छपराखालच्या मोकळ्या जागेतच ठेवावा. निखारे असलेला बंब दार लावलेल्या न्हाणीत नेण्याची पद्धत काही घरांत थंडीच्या दिवसांत दिसते. ती जीवघेणी ठरू शकते, कारण धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. बंबाचे पाणी भरण्याचे तोंडही कधी घट्ट बंद करू नये. वाफेला बाहेर पडायला वाट हवीच, आणि झाकण सैल बसते ही तक्रार करण्याची गोष्ट नाही. लहान मुलांच्या घरात तोटीच्या दांड्याला लाकडी मूठ बसवून घ्यावी, कारण पितळी दांडा पाण्याइतकाच तापतो.

देखभालीचा दुसरा भाग पाण्यावर अवलंबून आहे. आमच्याकडे आतून क्षार जवळजवळ धरत नाहीत. देशावर, विशेषतः कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या घरी, नळीभोवती आतल्या बाजूने चुन्यासारखा पांढरा थर साचतो आणि पाणी तापायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागतो. गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून ते काही तास बंबात ठेवले, की हा थर सुटतो. नंतर दोनदा स्वच्छ पाणी भरून ओतून द्यावे. बाहेरच्या तांब्याला चिंच-मीठ किंवा पितांबरी पुरते. रोज घासून लखलखीत ठेवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे, कारण काळसर पडलेल्या तांब्यात पाणी काही उशिरा तापत नाही.

खरेदी करताना किंमत वजनावर आणि वर मजुरी अशी लागते, आणि तांब्याचा भाव रोज बदलतो, म्हणून आधी दोन दुकानांत वजन विचारून घ्यावे. सारख्याच मापाचे दोन बंब वजनाला वेगळे भरले, तर हलक्याचा पत्रा पातळ आहे एवढे निश्चित. अंगावर ठोक्यांची नक्षी असलेला बंब महाग पडतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत, जेथे पेशवाईपासून तांबटांची वस्ती आहे, हे मठारकाम हाताने होते, आणि हातोडीच्या ठोक्यांनी तांबे खरोखर कडक होते, नुसते शोभिवंत नाही. यंत्रावर उठवलेले ठोके एकाच मापाचे आणि सरळ ओळीत दिसतात. त्यांसाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

जुना बंब मोडीच्या दुकानात किंवा एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर सापडला, तर तो नव्यापेक्षा चांगला असण्याची शक्यता पुष्कळ आहे, कारण जुन्या बंबांचा पत्रा सहसा जाड असतो. घेण्याआधी तो काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर रात्रभर उभा ठेवावा. सकाळी तोटीखाली ओल दिसली तर हरकत नाही, तोटी बदलता येते. ओल मधल्या नळीखाली, जाळीच्या जागी दिसली, तर झाळकाम करणाऱ्याला तो दाखवून खर्च विचारावा, आणि नळीच बदलावी लागेल असे तो म्हणाला, तर बंब मोडीच्या भावाहून एक रुपयाही जास्त देऊन घेऊ नये.